सिंथेसायझर आला म्हणजे बँड विकला गेला?

ब्रिटिश पोस्ट-पंकबद्दल, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या प्रयोगशील रॉकबद्दल, वर्षानुवर्षं फिरणारं एक वाक्य: ‘हे बँड आधी कच्चं, खरं गिटार वाजवायचे, ऐंशीच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी पैशासाठी त्यांच्या गळ्यात सिंथेसायझर बांधला.’

असं वाटणं साहजिक आहे, कारण रेडिओवर गाजली ती ऐंशीनंतरचीच गाणी. पण तारखा जुळत नाहीत.

लंडनच्या ‘वायर’ या चौघांच्या बँडचे पहिले तीन अल्बम घ्या. ‘पिंक फ्लॅग’ 1977चा: 21 गाणी, सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं; एक तर अर्ध्या मिनिटातच आटोपतं! पुढच्याच वर्षीच्या ‘चेअर्स मिसिंग’मध्ये सिंथेसायझर आलासुद्धा. 1979च्या ‘154’मध्ये गाणी 13च, त्यातलं एक जवळजवळ सात मिनिटांचं. कंपनी तीच, निर्माता तोच, आणि दशक अजून सत्तरचंच. शिवाय हे अल्बम काही धो-धो विकले जाणारे नव्हते. पैशासाठी कोणी इतकं आडवळण घेईल, हे मला तरी पटत नाही.

पडताळायचं असेल तर ‘बेस्ट ऑफ’ टाळा, त्यात क्रम मोडतो. तिन्ही अल्बम ओळीनं ऐका आणि कव्हरवरची वर्षं व वाद्यांची यादी वाचा.