पिशवी उघडली आणि वास आला नाही? मग माल चांगला आहे!

गवती चहाच्या तेलाची पावडर पहिल्यांदा नेणाऱ्यांचा ठरलेला फोन येतो, "अहो, हिला वासच नाही!" वास आहे, पण आत कोंडलेला, आणि तो कोंडण्याचेच पैसे तुम्ही मोजले आहेत. चिमूटभर पावडर तळहातावर घ्या, पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळा, लगेच घमघमाट सुटेल. उलट कोरडी पावडरच भपकन दरवळली, तर बरंचसं तेल कणांच्या बाहेरच राहिलंय असं समजा. ते लवकर उडतं आणि हवा लागून खराबही आधी होतं.

तेल कोंडतात कसं?
गम अकेशिया (डिंक) आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर) पाण्यात विरघळवून त्यात तेल घुसळतो. तेलाचे थेंब एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाले की मिश्रण स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेने फवारा वाळवणाऱ्या यंत्रात, फवारतो. आत येणारी हवा १७०-१८० अंश सेल्सिअसची असते. तरी तेल का उडून जात नाही? पाण्याची वाफ होताना थेंब फारसा तापत नाही आणि तेवढ्यात त्यावर डिंकाची साय धरते. तिच्यातून पाण्याचे लहान रेणू निसटतात, सिट्रलसारखे (गवती चहाच्या वासाचा मुख्य घटक) मोठे आत अडकतात. थोडं तेल जातंच. शंभर टक्के टिकतं असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

कशात चालेल?
चहाचं प्रीमिक्स, सरबत पावडर, उटणं: माल कोरडा आणि वापरताना पाणी, तिथे ही पावडर उत्तम. साबणात किंवा लोशनमध्ये घालू नका. तिथल्या पाण्यात डिंक विरघळतो आणि वास कारखान्यातच संपतो. मग साधं तेल काय वाईट? स्वस्त तरी पडेल.

कापडासाठी तेल कोंडणारी कॅप्सूल (कवच) वेगळी. जिलेटिन आणि डिंक आम्लता साधारण पीएच ४ वर आणली की एकमेकांकडे ओढले जातात आणि तेलाच्या थेंबाभोवती जमतात. हे कवच नंतर पक्कं करतो. ते पाण्याने सहज विरघळत नाही, घासल्यावर फुटतं, म्हणून वास हळूहळू, वापरागणिक येतो. जिलेटिन प्राणिजन्य असतं. तुम्हाला शाकाहारी माल हवा असेल तर ऑर्डरआधीच सांगा.

पावसाळ्यात
दमट हवेत पावडरीचे गठ्ठे होतात आणि कवच ढिलं पडून तेल सुटू लागतं. फॉइलची पिशवी लागेल तेवढाच वेळ उघडी ठेवा. ओला चमचा तर नकोच.

नमुना मागवताना तीन गोष्टी कळवा: पावडर कशात घालणार, तो माल किती तापणार आणि वास नेमका केव्हा सुटायला हवा.