दंडावरचा शुगर सेन्सर घ्यायचा की नाही? आधी हे वाचा

हल्ली आमच्या काउंटरवर ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सइतकीच चौकशी ‘दंडाला चिकटवायच्या त्या बटणा’ची होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेली आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक जण उंबरठ्यावर आहेत. एवढं गिऱ्हाईक दिसल्यावर कंपन्या कशाला मागे राहतील? आम्हीही हे सेन्सर विकतो. पण ते प्रत्येकाला लागतात असं आम्हाला वाटत नाही.

दंडाच्या मागच्या बाजूला सेन्सर लावताना आतली सुई क्षणभर टोचून परत बाहेर येते. आत राहतो तो सुमारे अर्धा सेंटीमीटर लांबीचा मऊ तंतू. तो रक्तातली नाही, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातला बदल तिथे पोहोचायला ५ ते १५ मिनिटं लागतात. त्यामुळे ग्लुकोमीटर १४० आणि सेन्सर १२५ दाखवत असेल, तर दोन्ही यंत्रं बरोबर असू शकतात.

साखर उतरते तेव्हा हे अंतर नीट लक्षात ठेवा. घाम, थरथर, आकडा ६२. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, तरी सेन्सर काही वेळ खालचाच आकडा दाखवत राहतो. मग घाबरून वर दोन लाडू, आणि तासाभराने साखर अडीचशेवर! अशा वेळी १५ मिनिटं थांबून बोटातूनच तपासा. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील, तेव्हाही बोटच खरं.

टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेल्यांना, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि रात्री साखर उतरणाऱ्यांना सेन्सरचा खरा उपयोग आहे. त्यांनी अलार्मचं मॉडेल घ्यावं. फक्त गोळ्यांवर असाल आणि साखर आटोक्यात असेल, तर वर्षभर सेन्सर लावून पैसे घालवू नका. डॉक्टरांना विचारून १४ दिवसांचा एकच लावा आणि ते १४ दिवस नेहमीसारखंच जेवा. पथ्याचे पंधरा दिवस मोजून काय कळणार? पोह्यांनंतर फोनच्या ॲपमधली साखरेची रेघ किती चढते, जेवून पंधरा मिनिटं चाललं तर किती कमी चढते, हे त्यात दिसतं. एकादशीच्या साबुदाणा खिचडीची ओळखही बऱ्याच जणांना इथेच होते.

प्रत्येक आकड्यामागे धावू नका, ‘पट्ट्यातला वेळ’ पाहा. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मध्ये असावी आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा, म्हणजे रोज तासाभरापेक्षा, कमी असावा. वयस्कर, थकलेल्या रुग्णांसाठी निम्मा वेळ पट्ट्यात पुरतो, पण खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा. गरोदरपणाचे आकडे वेगळे असतात, ते डॉक्टरच सांगतील. तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, हे चढउतार दिसत नाहीत.

लावायच्या दिवशी दंडाला तेल किंवा क्रीम नको. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर काठाखाली जागा निवडा, नाहीतर कपडे बदलताना सेन्सर उचकटतो. ज्या कुशीवर झोपता तो दंडही टाळा. दाब पडला की रात्री खोटा ‘लो’ दिसतो. उलट काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसमुळे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आम्हाला सांगा. एमआरआय असेल तर आधी तिथल्या तंत्रज्ञांना सेन्सर दाखवा.

‘न टोचता साखर मोजणारं घड्याळ’ आमच्याकडे मिळत नाही आणि मिळणारही नाही. अशी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळाला तर खोक्यावर आयात परवाना क्रमांक, मुदत आणि साठवणीचं तापमान छापलेलं आहे का ते बघा. विदर्भातल्या मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेल्या सेन्सरची खात्री आम्ही तरी देणार नाही. खोकं १४ दिवस जपून ठेवा. सेन्सर मध्येच बंद पडला तर कंपनी त्यावरचा क्रमांक मागते. आणि खरेदीला येताना तुमचा फोन घेऊन या. ॲप त्यावर चालतं का, ते सील फोडण्याआधी बघून घेऊ. फोडलेला सेन्सर परत घेता येत नाही.