कानामारु-झा: प्रयोग नसताना जाऊया

नमस्कार मंडळी,

आमच्या जपान सहलीच्या कार्यक्रमात 'कोतोहिरा: जुने काबुकी नाट्यगृह' ही ओळ (नाट्यगृहाचं नाव कानामारु-झा, आणि काबुकी म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक) दिसली की नोंदणीच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "प्रयोग आहे का त्या दिवशी?" नाही, असं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो: "मग रिकामं थिएटर काय बघायचं?" प्रश्न रास्त आहे. लाखांत पैसे भरून कुणी खुर्च्या बघायला जात नाही. (तिथे खुर्च्याही नाहीत, ते पुढे येईलच.) फोनवर दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं, म्हणून हे पत्रक.

थोडक्यात सांगायचं तर प्रयोगाच्या दिवशी तुम्हाला फक्त नाटक दिसतं. प्रयोग नसतो तेव्हा नाटक कसं घडतं ते दिसतं. रंगमंचावर उभं राहता येतं, प्रेक्षकांमधून जाणाऱ्या वाटेवरून चालता येतं, कलाकारांच्या खोल्यांत डोकावता येतं आणि रंगमंचाच्या खाली, थेट 'नरकात' उतरता येतं. म्हणून आम्ही मुद्दाम रिकामा दिवस धरतो.

गाव आणि डोंगर

कोतोहिरा हे शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातलं दहा हजारांहून कमी वस्तीचं गाव. ते वसलं ते डोंगरावरच्या देवस्थानामुळे. मुख्य देवळापर्यंत 785 पायऱ्या, आणि अगदी वरच्या देवळापर्यंत जायचं तर 1368. जेजुरी चढलेल्यांनी हसू नये, शेवटचा टप्पा तिथेही दम काढतो. डोंगराचं नाव झोझु-सान, म्हणजे हत्तीच्या डोक्याचा डोंगर. लांबून आकार तसा दिसतो म्हणून. देवाला लोक प्रेमाने 'कोंपिरा-सान' म्हणतात, आणि हे नाव मूळचं आपल्या 'कुंभीर'चं, म्हणजे मगरीचं. गंगेतली मगर देवतेच्या रूपात बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचली आणि तिथल्या खलाशांची राखणदार झाली. 1868 नंतर सरकारने बौद्ध आणि शिंतो देवस्थानं वेगळी केली, तेव्हापासून हे कागदोपत्री शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देऊळ आहे. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे देशभरातून यात्रा यायची. ज्यांना स्वतः येणं जमत नसे, त्यांतले काही जण गळ्यात पिशवी बांधून कुत्र्याला पाठवत आणि वाटेवरचे यात्रेकरू त्याला पुढे पुढे नेत. यात्रा म्हटली की बाजार आला, बाजारापाठोपाठ तमाशे आले, खेळ आले. सुरुवातीला यात्रेपुरते तात्पुरते मंडप उभे राहत. 1835 मध्ये कायमचं नाट्यगृह बांधलं गेलं आणि लॉटरीची सोडतही त्याच इमारतीत निघायची. आज जपानमध्ये उभी असलेली काबुकीची सर्वांत जुनी संपूर्ण इमारत ती हीच.

वाचलं कसं

'कानामारु-झा' हे नाव 1900 च्या सुमारास मालकाच्या आडनावावरून पडलं. पुढे सिनेमा आला. आपल्याकडच्या कितीतरी नाट्यगृहांसारखं तिथेही पडद्यावरची चित्रं सुरू झाली, मग तेही बंद पडलं आणि इमारत खचत गेली. 1970 मध्ये तिला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं. 1972 ते 1976 अशी चार वर्षं घेऊन ती मूळ जागेवरून उतरवली, डोंगराच्या पायथ्याशी हलवली आणि 1835 च्या रूपात पुन्हा उभी केली.

तरी ती शोभेचीच वस्तू राहिली असती. 1984 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाच्या निमित्ताने नाकामुरा किचिएमोन, सावामुरा तोजुरो आणि नाकामुरा कानकुरो हे तीन काबुकी नट इथे आले. आत पाऊल टाकल्यावर त्यांना इथे प्रयोग करायचाच, असं वाटलं. 1985 मध्ये तो झाला आणि तेव्हापासून वसंतात इथे काबुकी होऊ लागलं. करोनाच्या आणि दुरुस्तीच्या काळातला खंड संपून 2024 मध्ये प्रयोग परत सुरू झाले. प्रेक्षकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या बाया गावातल्याच, आणि रंगमंच फिरवणारे तरुणही गावातलेच.

आत गेल्यावर

दरवाजा इतका बुटका की वाकूनच आत जावं लागतं. त्याला 'उंदराचं दार' म्हणतात. फुकट्यांना घोळक्यात घुसता येऊ नये म्हणून तो तसा केलाय. उंच मंडळींनी कपाळ सांभाळावं.

आत आलात की खाली आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांनी पाडलेले चौकोन दिसतील. हीच बसायची जागा. एका चौकोनात चार-पाच जण, मांडी घालून. आम्ही गटाला इथे दहा मिनिटं बसवतो, कारण इथे बसल्याशिवाय नटाचं अंतर कळत नाही. डावीकडून एक लांब लाकडी वाट प्रेक्षकांमधून थेट रंगमंचाला जाऊन भिडते. ती 'हानामिची', फुलांची वाट. नट याच वाटेने येतो आणि वाटेतच थांबून पवित्रा घेतो, तुमच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. त्या क्षणी जाणकार प्रेक्षक त्याच्या घराण्याचं नाव मोठ्याने पुकारतात. आपल्या 'वन्स मोअर'चा हा भाऊ म्हणा, फक्त इथे गाणं परत होत नाही आणि हाक अर्धा श्वास जरी चुकली तरी हसं होतं.

वर पाहा. छताखाली बांबूंची जाळी आहे, द्राक्षाच्या मांडवासारखी. नावही तेच, 'बुदोदाना'. माणसं तिच्यावर चढून कागदी साकुरा (चेरीची फुलं) किंवा बर्फ खाली सोडतात, म्हणून फुलं रंगमंचावर पडतात तशी प्रेक्षकांवरही पडतात. ही जाळी आणि नटाला हवेतून उडवत नेणारी छतालगतची वाट, दोन्ही 2003 च्या मोठ्या दुरुस्तीत पुन्हा बसवली. आधारासाठी उभे केलेले खांबही तेव्हाच काढले, त्यामुळे आता नजरेत काही येत नाही. बाजूच्या खिडक्या बघा: विजेचे दिवे नसताना दृश्यात अंधार हवा असला की माणसं धावत जाऊन झडपा बंद करायची. आजही प्रयोगात त्या हातानेच उघडतात आणि मिटतात.

आता नरक. रंगमंचाखालच्या तळघराला जपानी भाषेत 'नाराकु' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या संस्कृत 'नरक'चाच. खाली अंधार, दमट वास आणि मधोमध लाकडाचा अजस्र सांगाडा: फिरत्या रंगमंचाचं पोट. मोटर नाही. चार जण दांड्याला खांदा लावून ढकलतात आणि पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत दगड बसवलेत. 'तो मी नव्हेच'मुळे फिरता रंगमंच आपल्याला नवा नाही, पण जपानमध्ये नामिकी शोझो या नाटककाराने ओसाकात तो 1758 मध्ये वापरला. युरोपातला पहिला स्थायी फिरता रंगमंच म्युनिकला 1896 मध्ये आला. खालून वर बघितलं की नट आणि सामान वर चढवणारा पाळणाही दिसतो. हानामिचीतल्या चोरदाराला 'सुप्पोन' म्हणतात, म्हणजे मऊ पाठीचं कासव. त्यातून फक्त भुतं, जादूगार अशी अमानवी पात्रं वर येतात.

आमच्या मागच्या एका गटातल्या आजी गुडघ्यांमुळे खाली यायला तयार नव्हत्या. शेवटी हळूहळू उतरल्या, आणि परत वर यायचं नाव घेईनात.

कलाकारांच्या खोल्यांतून फिरताना आमचे लोक बालगंधर्वांची आठवण काढतात, आणि ते बरोबरच आहे. 1629 मध्ये जपानी सरकारने स्त्रियांना काबुकीत बंदी केली, तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषच करतात. त्यांना 'ओन्नागाता' म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे ती प्रथा ओसरली, तिथे ती घराण्यांत बापाकडून मुलाकडे चालत आली.

जाण्यापूर्वी एवढं वाचा

बूट दाराशी काढायचे असतात. मोजे हवेतच, पण गुळगुळीत नकोत. जमीन लाकडी आहे आणि तळघराच्या पायऱ्या चढ्या. थंडीत जाड मोजे आणा, पाय गारठतात. ज्यांना खाली उतरायचं नाही त्यांनी आधी सांगावं, तेवढा वेळ ते वरच्या बाजूच्या आसनांवर बसू शकतात.

साधारणपणे सकाळी 9 ते संध्याकाळी 5 उघडं असतं, पण वसंतातल्या प्रयोगांच्या आणि त्यांच्या तयारीच्या दिवसांत आत सोडत नाहीत. आमच्या तारखा ते बघूनच ठरतात. प्रयोगच बघायचा असेल तर कृपया निदान सहा महिने आधी कळवा; तिकिटं लवकर संपतात, शिवाय तीन-चार तास मांडी घालून बसायची तयारी हवी.

ओकायामाहून रेल्वेने सुमारे तासाभरात पोचतो, वाटेत सेतो समुद्रावरचा मोठा पूल लागतो. खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून रुसू नका, पूल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. आधी नाट्यगृह, मग पायऱ्या असा क्रम ठेवलाय. सकाळी पायऱ्या चढून आलेला माणूस चौकोनात बसला की पेंगतो, हे आम्ही दोन सहलींत पाहिलंय. पायऱ्यांसाठी बांबूची काठी वाटेवरच्या दुकानांत मिळते.

जेवणात उदोन, म्हणजे गव्हाचे जाड नूडल. कागावाचं उदोन साऱ्या जपानात नावाजलेलं आहे, पण शाकाहारींनी नीट ऐका: रस्सा बहुतेक सुक्या माशांचा असतो आणि 'नो मीट' म्हटल्याने तो बदलत नाही. साधे उकडलेले नूडल आणि वर सोया सॉस, असं आम्ही आधी सांगून ठेवतो. तरीही डब्यात मेतकूट आणि चार दशम्या असतील तर त्या तिथे फार गोड लागतात.