शॅनवाहिर, माहिर वोर आणि मामो

आयरिश भाषेच्या शब्दकोशात आजीसाठी पहिला शब्द सापडतो तो 'शॅनवाहिर'. लेखी, औपचारिक भाषेतला शब्द हाच. नातवंडे मात्र आजीला या शब्दाने सहसा हाक मारत नाहीत. त्यांच्या तोंडी 'मामो' असते, आणि इंग्रजी बोलणाऱ्या आयरिश घरांत 'नॅना' किंवा 'ग्रॅनी'. मराठीत 'आजी' हा एकच शब्द हाकेलाही चालतो आणि अर्जातही चालतो, त्यामुळे ही फाळणी आपल्याला थोडी विचित्र वाटते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती महत्त्वाची आहे, कारण हे दोन्ही शब्द एकाच बाईचे असले तरी त्यांच्या जन्माची रीत वेगळी आहे. पहिला शब्द हजारो वर्षांच्या वारशाने आलेला आहे आणि त्याचा प्रत्येक वर्ण ध्वनिबदलाच्या नियमांतून गेलेला आहे. दुसऱ्याची जुळणी पाळण्यातल्या बोबड्या बोलांतून होते.

'शॅनवाहिर' हा जोडशब्द आहे. त्यातील 'शॅन' म्हणजे जुना किंवा वृद्ध, आणि 'माहिर' म्हणजे आई. म्हणजे शब्दशः 'वृद्ध आई'. हा 'शॅन' आपल्याला वाटतो तितका परका नाही. ऋग्वेदात जुन्या गोष्टींसाठी 'सन' असे विशेषण येते आणि 'सनातन' हा शब्दही त्याच कुळातला आहे. लॅटिनमधील 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा हाही त्यांचाच भाऊबंद. त्याच्या घराण्यातून इंग्रजीत 'सिनियर' आला आणि तिथून तो आपल्या 'सिनियर सिटिझन'पर्यंत पोहोचला. आयरिश भाषेत या 'शॅन'चे काम आजीपुरते मर्यादित नाही. म्हणीला तिथे 'जुना शब्द' म्हणतात, पारंपरिक गायकीला 'जुनी रीत' म्हणतात, आणि पूर्वजांच्या कथा मुखोद्गत असलेल्या कथेकऱ्याला 'शॅनखी' म्हणतात; या तिन्ही शब्दांच्या आरंभी हाच जुनेपणा आहे. जगभर परिचित असलेले 'शॉन' हे आयरिश पुरुषनाम रोमन लिपीत जवळजवळ असेच दिसते, पण त्याचा येथे काही संबंध नाही. ते 'जॉन' या नावाचे फ्रेंचमार्गे आलेले रूप आहे.

उत्तरपद 'माहिर' मराठी वाचकाला अधिक थबकायला लावते. कानाला ते थेट 'माहेर'सारखे लागते, आणि अर्थानेही जवळचे वाटते. अशा साम्यावर विश्वास ठेवावा का, हा शब्दांच्या इतिहासातला नेहमीचा प्रश्न आहे, आणि येथे त्याचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे आहे. मराठी 'माहेर' हे 'मातृगृह' या कल्पनेचे, म्हणजे आईच्या घराचे, प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे. त्यातील 'मा' आईचा आणि 'हेर' घराचा; 'घर'मधील 'घ' झिजून तेथे 'ह' उरला. आयरिश 'माहिर' या शब्दात घर कुठेच नाही. तो नुसता 'मातृ' या संस्कृत शब्दाचा आणि लॅटिन 'मातेर'चा नातलग आहे, आणि त्यातील 'ह' हा मुळात 'त' होता. दोन स्वरांच्या मधला 'त' आयरिशमध्ये आधी मऊ झाला, इंग्रजी 'थिंक'मधील पहिल्या ध्वनीसारखा उच्चारला जाऊ लागला, आणि पुढे तोही गळून नुसता श्वास उरला. लेखनात तो 'त' अजून टिकून आहे. बोलण्यात त्याचा मागमूस नाही. म्हणजे 'माहिर' आणि 'माहेर' यांतील 'मा' खरोखर एका घरचा आहे आणि 'ह'चे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. नातेवाईक शब्द एकमेकांसारखे दिसतातच असे नाही आणि सारखे दिसणारे शब्द नातेवाईक असतातच असेही नाही, हे सांगायला इतके सोयीचे उदाहरण क्वचित मिळते.

या दोन पदांचा संधी होताना 'माहिर'चा 'म' जाऊन 'व' कसा आला, हेही सांगायला हवे, कारण आयरिश भाषेची सर्वांत ठळक खोड त्यात दिसते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचा शेवट बदलतो. घोडा 'घोड्याला' होतो. आयरिशमध्ये शब्दाची सुरुवातही बदलते. व्याकरणाच्या ठरावीक जागी आद्य व्यंजन मऊ होते आणि 'म'चा 'व' होतो. कॉनॅख्ट आणि अल्स्टर या प्रांतांत हा 'व' ओठ गोल करून म्हटला जातो, तर दक्षिणेकडील मन्स्टरमध्ये तो दात ओठाला लावून म्हटलेला 'व्ह' असतो. 'माझी' या अर्थाचा 'मो' पुढे आला की 'श'ही विरघळून 'ह' होतो, आणि 'माझी आजी' हे शब्द 'मो हॅनवाहिर' असे ऐकू येतात. नव्याने भाषा शिकणारा माणूस हा शब्द कानाने ऐकून कोशात 'ह'खाली शोधू लागला, तर त्याच्या हाती काही लागत नाही. जुन्या गेलिक लिपीत असे मऊ झालेले अक्षर दाखवण्यासाठी त्याच्या डोक्यावर एक टिंब देत असत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रोमन अक्षरे रूढ झाली तेव्हा टिंबाची जागा इंग्रजीतील 'एच' या अक्षराने घेतली, आणि आयरिश शब्द कागदावर उच्चारापेक्षा कितीतरी लांब दिसू लागले.

आजीसाठी दुसरा जोडशब्द आहे 'माहिर वोर', म्हणजे मोठी आई. तो विशेषतः उत्तरेकडे, डोनेगॉलसारख्या भागात ऐकू येतो. आजोबा तेथे 'आहिर मोर', मोठे वडील. मोठेपणाचे विशेषण दोघांना एकच आहे, पण स्त्रीलिंगी नामामागे येताना त्याचा 'म' मऊ होतो आणि 'मोर'चा 'वोर' होतो. आजोबांचा 'मोर' तसाच राहतो. आजीला 'वृद्ध आई' म्हणायचे की 'मोठी आई', या निवडीत युरोपातील भाषांचे सरळ दोन तट पडतात. फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या भाषांनी मोठेपणा निवडला. आयरिशची दूरची बहीण असलेल्या ब्रिटनी प्रांतातील ब्रेटन भाषेत 'माम गोझ' म्हणजे वृद्ध आई आहे. वेल्श भाषेने तिसरीच वाट धरली. दक्षिण वेल्समध्ये आजी 'माम गी' असते, म्हणजे लाडकी आई, तर उत्तर वेल्समध्ये तिला 'नाइन' म्हणतात आणि त्यात आईही नाही आणि विशेषणही नाही. आपली 'आजी' या कोणत्याच रांगेत बसत नाही. ती संस्कृत 'आर्य' आणि प्राकृत 'अज्ज' यांतून, म्हणजे आदरणीय या अर्थाच्या शब्दातून आलेली आहे. तिच्यात वयाचा उल्लेख नाही आणि आकाराचाही नाही. मला स्वतःला वेल्श लोकांची 'लाडकी आई' सर्वांत आवडते.

आयरिशमध्ये आईची आई आणि वडिलांची आई यांना वेगळी नावे नाहीत. हिंदीतील दादी-नानी हा भेद करायचाच झाला, तर 'आईच्या बाजूची' असे शब्द जोडून सांगावे लागते. मराठीतही तीच गत आहे, पण आपण निदान 'आजोळ' हा शब्द आईच्या माहेरासाठी राखून ठेवला आहे.

संस्कृत, लॅटिन आणि आयरिश ज्यात मोडतात त्या इंडो-युरोपीय भाषाकुळात आजी-आजोबांसाठी एक फार प्राचीन शब्द होता, जो लॅटिनमध्ये 'अवुस' म्हणजे आजोबा आणि 'अविया' म्हणजे आजी या रूपांत टिकला. आयरिशमध्ये त्याचे जे झाले ते मजेशीर आहे. शब्द उरला, पण त्याचा अर्थ दोन पिढ्या खाली घसरला आणि तो नातवाचा वाचक बनला. आयर्लंडमध्ये साधारण चौथ्या ते सातव्या शतकांत दगडांच्या कडांवर रेघा कोरून लिहिलेले ओगम लेख आढळतात. त्यांत 'अमक्याच्या नातवाचा' किंवा 'अमक्याच्या वंशजाचा' या अर्थी 'अवि' असे रूप येते. पुढे झिजत झिजत त्याचा नुसता 'ओ' झाला, आणि तोच 'ओ' आज ओब्रायन, ओकॉनर, ओनील या आडनावांच्या आरंभी उभा आहे. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा नातू. आयरिश आडनावांत आजोबा असे पदोपदी भेटतात. आजी जवळजवळ भेटतच नाही. प्राचीन आयरिश कायद्यांत मालमत्तेचे आणि जबाबदारीचे हिशेब एका आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पुरुषवंशातील लोकांना धरून मांडले जात, त्यामुळे आडनावांनीही तीच रेषा पाळली.

त्याच कायद्यांच्या काळातली आणखी एक प्रथा लाडक्या नावांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलांना लहानपणी दुसऱ्या कुटुंबात वाढायला ठेवण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. प्राचीन आयरिशमध्ये जन्मदात्या आईवडिलांसाठी वारशाने आलेले भारदस्त शब्द वापरले जात, आणि 'मुमे' व 'अद्ये' हे बाळबोलीच्या घडणीचे शब्द सांभाळणाऱ्या आईवडिलांसाठी होते. मूल ज्याच्या अंगाखांद्यावर वाढते त्याच्याकडे बोबडे शब्द जातात, असा याचा अर्थ लावता येतो. यांपैकी 'अद्ये'चा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सांभाळणारा बाप तोच शिकवणारा, म्हणून त्याचा अर्थ गुरू असा झाला, आणि आज 'शिक्षण' यासाठी जो आयरिश शब्द आहे, जो सरकारी शिक्षण खात्याच्या पाटीवर असतो, तो त्याच्यापासूनच बनलेला आहे.

आता 'मामो'कडे वळू. आईला 'माम', तिच्यापुढे 'ओ' लावून आजीला 'मामो'. वडिलांना 'दॅद', आणि त्याच धाटणीने आजोबांना 'दॅद्यो'. यांच्या जोडीला कोशांत आजीचे आणखी एक लाडके नाव मिळते, ते 'मोर' म्हणजे मोठा या शब्दाला 'ई' लावून झालेले 'मोरी' हे होय. मराठी कानाला ते न्हाणीघरातले वाटेल, पण त्याला आयरिश आजीचा इलाज नाही. उरलेले 'नॅना' हे नाव इंग्रजीतही आहे, हिंदीतील 'नानी'शी जुळते, आणि वेल्श 'नाइन'शीही त्याचे तोंड मिळते.

'शॅन' आणि 'सनातन' यांचे नाते सिद्ध करणारी पद्धत या शब्दांना लावायला गेले तर ती लागू पडत नाही. आईसाठी आणि वडिलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या १०७२ शब्दांचा संग्रह अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९५०च्या दशकात केला होता. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकॉब्सन यांनी त्याची छाननी केली, तेव्हा आईवाचक शब्दांपैकी सुमारे ५५ टक्के शब्दांत 'म', 'न' यांसारखे अनुनासिक ध्वनी निघाले, तर वडीलवाचक शब्दांत त्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. त्यांनी दिलेले कारण साधे आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तोंड बंद असते, त्यामुळे त्याला नाकातून हुंकारच काढता येतो. पुढे भूक लागली की, किंवा हवे ते माणूस दिसले की, तोच हुंकार ओठ उघडून 'मामा', 'नाना' असा बाहेर पडतो. बाळाला त्यातून काही नाव सांगायचे असते असे नाही. घरातली माणसे तो आवाज आपल्याला उद्देशून आहे असे ठरवतात, आणि नाव पक्के होते. मात्र ते कोणाला चिकटेल याचा नेम नसतो. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. मराठीत 'मामा' आईचा भाऊ आहे आणि 'नाना' हे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचे नाव. तेव्हा आयरिश 'नॅना' आणि हिंदी 'नानी' यांना एका मुळाच्या फांद्या समजण्याची गरज नाही. दोन्हीकडच्या बाळांची तोंडे सारखी, एवढे कारण पुरते. शिवाय बाळबोलीतले शब्द ध्वनिबदलाच्या नियमांना सहसा दाद देत नाहीत. 'मातृ'मधला 'त' आयरिशमध्ये झिजून गेला, पण पाळण्यातला 'मा' दर पिढीत नव्याने कोरा जन्माला येतो.

या टिकाऊपणाला आयर्लंडच्या इतिहासात एक वेगळी धार आली. १८५१च्या जनगणनेत आयरिश भाषा येणाऱ्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर नोंदली गेली होती, आणि तोवर १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे दगावली होती व तितकीच देश सोडत होती. मार सर्वाधिक बसला तो पश्चिमेकडील गरीब आयरिशभाषक भागांना. त्यानंतरच्या दशकांत अनेक घरांत आजी आयरिश बोलणारी, मुले दोन्ही भाषा जाणणारी आणि नातवंडे इंग्रजी बोलणारी, असे चित्र दिसू लागले. आजीची भाषा घरात असूनही नातवापर्यंत पोहोचत नव्हती. पोहोचले ते आजीने नातवाला मारलेल्या हाकांमधले शब्द. 'अ लॅनव' म्हणजे बाळा, याचे 'अलाना' झाले. 'अ खुश्ले' म्हणजे माझ्या नाडीच्या ठोक्या, याचे 'अकुश्ला' झाले. 'मो वुर्नीन' म्हणजे माझ्या लाडक्या, याचे 'मव्हुर्नीन' झाले. ही सगळी आयर्लंडच्या इंग्रजीत मुरली. त्यांतील पहिल्या दोहोंच्या आरंभीचा 'अ' हा संबोधनाचा आहे, आपल्या 'अरे'च्या जागचा, आणि तिसऱ्यातला 'मो' म्हणजे माझा. मूळ शब्द काय आणि त्याच्या आधी जोडलेले काय, हे इंग्रजी बोलणाऱ्यांना उलगडले नाही, म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र शिवून टाकली.

आजींकडे जे उरले होते ते उतरवून घेण्याचा मोठा प्रयत्न आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात केला. सुमारे ५००० शाळांतील ५०,०००हून अधिक मुलांना घरी जाऊन वडीलधाऱ्यांकडून गोष्टी, औषधपाणी, खेळ, जुन्या समजुती ऐकून वहीत लिहून आणायला सांगितले गेले. साहजिकच कितीतरी मुले आजी-आजोबांपुढे जाऊन बसली. त्या वह्यांचा संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेला आहे.

२०२२च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले, पण शाळा-महाविद्यालयांबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८च होते. या दोन आकड्यांमधल्या प्रचंड जागेत 'मामो' हा शब्द सुखाने राहतो. अन्यथा इंग्रजीच बोलणाऱ्या अनेक घरांनी आजीसाठी तो मुद्दाम निवडलेला आहे. फरक कळतो तो हाक ऐकताना. आयरिशच्या नियमाने संबोधनाचा 'अ' आला की 'म' मऊ व्हायला हवा, म्हणून आयरिशभाषक घरातले मूल अंगणातून 'अ वामो' अशी साद घालते. इंग्रजीत वाढलेल्या मुलाच्या वाक्यात मात्र आजीचा 'म' कुठल्याही जागी गेला तरी 'म'च राहतो.