गेंड्याची कलाकृती आणि गेंड्याचे रक्षण : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दालनातील तारेचे, मण्यांचे किंवा दगडाचे गेंडे पाहताना अनेक ग्राहक विचारतात की, ही वस्तू विकत घेतल्याने आफ्रिकेतल्या गेंड्याला नेमका काय उपयोग होतो. प्रश्न रास्त आहे आणि ‘काही रक्कम संवर्धनाला जाते’ एवढे उत्तर त्याला पुरेसे नाही, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही काढले आहे.

आफ्रिकेत गेंड्याच्या काळा आणि पांढरा अशा दोन जाती आहेत. 1970 च्या सुमारास काळे गेंडे 65,000 च्या घरात होते. 1995 पर्यंत ते 2,500 पेक्षाही कमी उरले आणि त्यानंतरच्या चिकाटीच्या राखणीमुळे आज कुठे 6,000 च्या वर पोहोचले आहेत. दक्षिण आफ्रिकेत 2007 साली चोरट्या शिकारीत 13 गेंडे मारले गेले होते, तर 2014 साली 1,215. 2024 मध्येही हा आकडा 420 होता, म्हणजे दिवसाला एकाहून अधिक. शिंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1977 पासून बंदी आहे, तरीही व्हिएतनाम आणि चीनमधील छुप्या बाजारात औषध आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणून शिंगाला मोठी किंमत येते. वास्तविक ते आपल्या नखांप्रमाणे केराटिनचेच बनलेले असते.

गेंडा हा आफ्रिकी कलेत केवळ पर्यटकांसाठी आलेला विषय नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर, लिम्पोपो नदीजवळच्या मापुंगुब्वे टेकडीवरील दफनभूमीत 1930 च्या दशकात सोन्याचा एक गेंडा सापडला. तेराव्या शतकातला हा गेंडा वीतभरही लांब नाही. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसवून तो बारीक सोन्याच्या खिळ्यांनी पक्का केला होता. गाभा कुजून गेला, सोने राहिले. मापुंगुब्वेला हिंदी महासागरातून भारतीय काचेचे मणीही पोहोचत होते. आपल्या घरात आज आफ्रिकी मणीकाम येते तेव्हा ही देवाणघेवाण किती जुनी आहे, हे ग्राहकांना ठाऊक असावे असे आम्हाला मनापासून वाटते.

कला आणि संवर्धन यांचा संबंध आम्हाला सर्वांत स्पष्टपणे नामिबियात दिसतो. ब्लाइथ लूटिट या वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या चित्रकार होत्या. वायव्य नामिबियाच्या वाळवंटी मुलखात काळ्या गेंड्यांची होणारी कत्तल पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह 1982 मध्ये ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’ ही संस्था उभी केली आणि माग काढण्यात तरबेज असलेल्या स्थानिक माणसांना, ज्यांत पूर्वी शिकार केलेलेही होते, गेंड्यांच्या राखणीचे पगारी काम दिले. या भागातले गेंडे कुंपणात नाहीत. ते गावांच्या सामाईक जमिनीवर मोकळे फिरतात. 1996 च्या कायद्याने तिथल्या गावांना आपल्या भूभागातील वन्यजीवांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क मिळाला आणि पर्यटकांची वाटाड्येगिरी, मुक्कामाची सोय, ताडाच्या पातीच्या परड्या, माकालानी ताडाच्या बियांवरील कोरीवकाम अशा कामांतून घरात पैसा येऊ लागला. बाहेरून आलेल्या टोळीला स्थानिक माहितगाराशिवाय गेंडा गाठणे अवघड जाते. ज्या गावाची मिळकत जिवंत गेंड्याशी जोडलेली आहे, तिथे असा माहितगार विकत घेणे तितके सोपे राहत नाही. कलावस्तूच्या किमतीचा खरा परिणाम आमच्या मते इथे होतो. म्हणून कारागिराला पूर्ण मोबदला देणे हेच आम्ही पहिले संवर्धनकार्य मानतो आणि देणगीला त्यानंतरचे स्थान देतो.

झाम्बियातील लुआंग्वा खोऱ्यात गस्तीवरील रक्षक शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास काढून आणतात आणि त्या तारेपासून स्थानिक स्त्रिया दागिने घडवतात. हे दागिने आम्हाला अत्यंत प्रिय आहेत, पण त्यांना ‘गेंड्याचे दागिने’ म्हणणे आम्ही टाळतो, कारण हे फास मुख्यतः मांसासाठी हरणांसारख्या प्राण्यांना पकडण्याकरिता लावले जातात. गेंड्याशी त्यांचा संबंध गस्तीतून येतो. झाम्बियातील काळा गेंडा 1998 मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. 2003 मध्ये उत्तर लुआंग्वात पाच गेंडे पुन्हा आणले गेले, आणि अशा ठिकाणी रोजची गस्त थांबली तर पुनर्वसन टिकत नाही.

काही ग्राहकांना आमच्या शिल्पांतील लांब, टोकदार शिंग खटकते, आणि त्याला कारण आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील अनेक गेंड्यांची शिंगे आता भूल देऊन कापली जातात. ती पुन्हा वाढतात, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी हे काम नव्याने करावे लागते. तिथल्या 11 राखीव क्षेत्रांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शिंगे कापल्याने शिकार 78 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तरीही कारागीर गेंडा घडवतात तो शिंगासह, आणि आम्ही त्यांना बदल सुचवत नाही; गेंडा मूळचा तसाच आहे.

ज्या वस्तूच्या विक्रीतून देणगी दिली जाते, तिच्या बिलावर देणगीची रक्कम आणि ती घेणाऱ्या संस्थेचे नाव स्वतंत्रपणे छापलेले असते. ज्या वस्तूवर देणगी नाही, तिच्यावर तसे सूचित करणारी चिठ्ठीही आम्ही लावत नाही. संस्थेकडून आलेल्या पावत्या दालनात कधीही पाहता येतील.

शिंग, हस्तिदंत, नखे, दात किंवा कातडी यांपासून केलेली कोणतीही वस्तू आम्ही ठेवत नाही, ती जुनी असल्याचे सांगितले गेले तरीही. आफ्रिकेच्या सहलीला जाणाऱ्यांनीही अशी वस्तू भेट म्हणूनसुद्धा स्वीकारू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. भारतात आणलेल्या हस्तिदंताचा व्यापार 1991 पासून बंद आहे आणि गेंड्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. आसाम सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्याकडील 2,479 शिंगे जाहीरपणे जाळली, ती शिंगाला कोणतेही मूल्य नाही हे ठामपणे सांगण्यासाठीच.

वस्तूंच्या निगेबाबत थोडेसे. पातीच्या परड्यांना पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बुरशी लागू शकते. त्या भिंतीला टेकवून न ठेवता हवेशीर जागी ठेवाव्यात आणि ओल जाणवल्यास सावलीत वाळवाव्यात. मणीकाम कोरड्या मऊ ब्रशने झाडावे. केनियातील सोपस्टोन हा दगड मऊ असल्याने त्यावर चटकन ओरखडा उठतो, म्हणून तो फक्त मऊ कापडाने पुसावा. मणी सुटल्यास किंवा तार वाकल्यास वस्तू दालनात आणून द्यावी. दुरुस्ती आम्ही विनामूल्य करून देतो.