ग्लायडरमधील चुंबकीय होकायंत्र

इंजिन नसलेल्या विमानाच्या, म्हणजे ग्लायडरच्या, कॉकपिटमध्ये दिशा पाहण्यासाठी बसवलेले द्रवाने भरलेले छोटे होकायंत्र. ते बहुधा उपकरणफलकाच्या माथ्यावर किंवा कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, चौकटीवर असते. त्याला वीज लागत नाही आणि वजनही नगण्य असते. उपग्रहांच्या आधारे स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा जवळजवळ प्रत्येक ग्लायडरमध्ये आल्यापासून या यंत्राची गरज उरली आहे का, हा प्रश्न ग्लायडिंग करणाऱ्यांत वारंवार निघतो. लांब पल्ल्याच्या नेहमीच्या उड्डाणात वाट शोधायला ते आता लागत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र ही दोन उपकरणे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ग्लायडर जमिनीवरून कोणत्या दिशेने सरकते आहे हे जीपीएस सांगते. त्याचे नाक कोणत्या दिशेला आहे हे होकायंत्र सांगते. वाऱ्यावर जगणाऱ्या या मंदगती विमानात या दोन दिशांमध्ये कधी कधी अर्ध्या वर्तुळाचा फरक पडतो.

रचना आणि दोष

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या गोल डबीत एका टोकदार खुंटीवर अंशांच्या खुणा असलेली तबकडी तोललेली असते आणि तिला चुंबक जोडलेले असतात. डबीतला द्रव तबकडीचे हेलकावे कमी करतो. तबकडीचा गुरुत्वमध्य खुंटीच्या टोकाखाली ठेवलेला असल्याने सरळ, एकसमान वेगाच्या उड्डाणात ती आडवी राहते आणि वाचन बरोबर येते. अडचण अशी की ग्लायडर सरळ आणि एकसमान वेगाने फार थोडा वेळ उडते.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसते. उत्तर गोलार्धात ते उत्तरेकडे खाली झुकलेले असते. या झुकावाला चुंबकीय नति म्हणतात. दक्षिण भारताच्या टोकाजवळ ती जवळपास शून्य असते, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ३० अंशांहून कमी आणि इंग्लंड-जर्मनीत ६५ अंशांच्या आसपास. विमान वळणात कलले की तबकडीही कलते आणि क्षेत्राचा हा खाली ओढणारा भाग तिला खोटीच दिशा दाखवायला लावतो. उत्तरेकडे जाताना वळायला सुरुवात केली तर होकायंत्र मागे रेंगाळते, क्वचित सुरुवातीला उलट्या बाजूला वळल्यासारखे दाखवते. दक्षिणेकडे जाताना उलट घडते: विमान वळते त्याहून अधिक वळण ते दाखवते. पूर्वेला किंवा पश्चिमेला जाताना वेग वाढवला की तबकडी उत्तरेकडे वळल्याचा भास करून देते, वेग कमी केला की दक्षिणेकडे. दक्षिण गोलार्धात हे सगळे उलटे होते.

आता ग्लायडरचे उड्डाण डोळ्यांसमोर आणावे. वैमानिक थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेत, ४० ते ४५ अंश कलून गोल फिरत उंची मिळवतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने अशी एक फेरी १६ ते २० सेकंदांत पूर्ण होते. या काळात होकायंत्राकडे पाहण्यात अर्थ नसतो. तबकडी डबीच्या कडेला घासत असते आणि द्रवही फिरू लागलेला असतो. थर्मल सोडून सरळ झाल्यावरही ती स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. पुढे दोन थर्मलमधल्या सरळ टप्प्यात वैमानिक खाली जाणाऱ्या हवेत वेग वाढवतो आणि वर चढणाऱ्या हवेत नाक उचलून वेग उतरवतो, तेव्हा तबकडी पुन्हा डोलते. म्हणूनच अनुभवी वैमानिक गोल फिरायला लागण्यापूर्वीच क्षितिजावरचा एखादा डोंगर किंवा धुराडे हेरून ठेवतात, किंवा सूर्य कोणत्या खांद्यावर आहे ते लक्षात ठेवतात, आणि त्या खुणेवर वळण सोडतात. ही सवय जीपीएसच्या काळातही तितकीच उपयोगाची आहे, कारण बाहेर लागलेली नजर इतर ग्लायडरही टिपते.

नकाशा आणि होकायंत्राचा काळ

१९९० च्या दशकापर्यंत दूरची उड्डाणे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर होत. १:५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायची, तिच्यावर अंतराच्या खुणा करायच्या, वाऱ्याचा अंदाज घेऊन नाक किती बाजूला धरायचे ते ठरवायचे आणि नदी, रेल्वेमार्ग, गावे जुळवत पुढे सरकायचे, अशी पद्धत होती. ठरलेल्या वळणबिंदूवरून गेल्याचा पुरावा म्हणून कॅमेऱ्याने खालचे छायाचित्र घ्यावे लागे. २५ एप्रिल १९७२ रोजी जर्मन ग्लायडर वैमानिक हान्स-वेर्नर ग्रोस यांनी जर्मनीतील ल्युबेकहून फ्रान्समधील बियारित्झपर्यंत १,४६०.८ किलोमीटरचे सलग उड्डाण केले ते याच काळात. १९८१ मध्ये त्यांनीच ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून १,३०० किलोमीटरांहून मोठा त्रिकोण पूर्ण केला. त्या वाळवंटी मुलुखात खाली ओळखू येणाऱ्या खुणा इतक्या विरळ असतात की धरलेली दिशा पाच अंशांनी चुकली तरी शंभर किलोमीटरनंतर जवळजवळ नऊ किलोमीटरचा फरक पडतो. अशा वैमानिकांचे कौशल्य आज पुरेसे आठवले जात नाही, याची खंत वाटते.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून जीपीएसवर चालणारी उड्डाणनोंदयंत्रे विक्रम आणि स्पर्धांसाठी ग्राह्य धरली जाऊ लागली. पुराव्याचा कॅमेरा गेला, त्यापाठोपाठ रेघ ओढलेला नकाशाही मांडीवरून उतरला. आज पडद्यावर पुढचा बिंदू, त्याचे अंतर, तिथे पोहोचताना उरणारी उंची, निषिद्ध हवाई क्षेत्रांच्या सीमा आणि गोल फिरताना ग्लायडर किती वाहत गेले यावरून काढलेला वारा, हे सगळे एकत्र दिसते. यांतले कुठलेही काम होकायंत्र इतके चांगले करू शकत नाही.

नाकाची दिशा आणि जमिनीवरचा मार्ग

पूर आलेली नदी ओलांडताना नावाडी नावेचे नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि नाव तिरकी सरकत समोरच्या घाटाला लागते. ग्लायडरचे तसेच असते. हवेतला वेग ताशी १०० किलोमीटर आणि बाजूचा वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर ठरलेल्या रेषेवर राहण्यासाठी नाक सुमारे १७ अंश वाऱ्याकडे धरावे लागते. प्रवासी जेट विमानाला त्याच वाऱ्यात दोन-तीन अंश पुरतात.

हा फरक सर्वांत तीव्र होतो तो पर्वतलहरीत. अँडीज किंवा सिएरा नेवाडासारख्या रांगांच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा लाटेसारखी वर-खाली होते आणि तिच्या चढत्या भागात ग्लायडर वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी उभे राहू शकते. याच लहरींवर जर्मन ग्लायडर वैमानिक क्लाउस ओल्मान यांनी जानेवारी २००३ मध्ये अर्जेंटिनात ३,००९ किलोमीटरचे उड्डाण केले. समजा वारा ताशी १०० किलोमीटर आहे आणि ग्लायडरचा वेगही तेवढाच. जमिनीच्या हिशेबाने ते थांबलेले असते, आणि जीपीएसवरचा दिशादर्शक बाण भरकटू लागतो, कारण हालचालच नसेल तर दिशा कशावरून काढणार? वारा ताशी १२० किलोमीटर झाला की ग्लायडर मागे सरकू लागते आणि बाण शेपटीकडे रोखला जातो. स्थिर, एकसमान वेगाच्या अशा उड्डाणात होकायंत्राचे वाचन मात्र भरवशाचे असते. खाली ढगांच्या फटी बुजत चालल्या असतील तर वाऱ्याकडे तोंड ठेवून राहण्यासाठी ते हाताशी असावे, असे लहरींत उडणारे अनेक जण सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

हवाई वाहतूक नियंत्रकाने एखादी दिशा धरायला सांगितली तर तीही नाकाची, चुंबकीय उत्तरेपासून मोजलेली दिशा असते. धावपट्ट्यांचे क्रमांकही चुंबकीय दिशेवरूनच पडतात. भौगोलिक आणि चुंबकीय उत्तरेतला फरक, म्हणजे दिक्पात, महाराष्ट्रात एका अंशाच्या आसपास असल्याने आपल्याकडे तो दुर्लक्षिला तरी चालतो; न्यूझीलंडमधल्या ओमारामासारख्या प्रसिद्ध ग्लायडिंग केंद्रावर तो २० अंशांहून अधिक आहे.

कायदा काय म्हणतो

युरोपीय संघाच्या ग्लायडरविषयक नियमावलीनुसार (क्रमांक २०१८/१९७६, लागू २०१९) साध्या ग्लायडरमध्ये वेळ, दाबावरून काढलेली उंची आणि हवेतला वेग दाखवण्याची सोय पुरेशी आहे. चुंबकीय दिशा दाखवण्याची सोय मदतीला इंजिन बसवलेल्या ग्लायडरला (असेही काही असतात), तसेच बाहेर पाहून विमान सांभाळता येणार नाही अशा परिस्थितीतल्या उड्डाणाला सक्तीची आहे. अमेरिकेत आवश्यक उपकरणांची सर्वसाधारण यादी इंजिनाच्या विमानांसाठी असल्याने बिनइंजिनाचे ग्लायडर तिच्या कक्षेबाहेर राहतात. अर्थात एखाद्या प्रकाराच्या उड्डाणपुस्तिकेत होकायंत्र किमान उपकरणांत लिहिले असेल, तर ते काढता येत नाही. त्यामुळे आधी पुस्तिका उघडावी.

ढगातली होकायंत्रे

ब्रिटनमध्ये ग्लायडरने ढगात शिरून उंची मिळवण्याची जुनी परंपरा आहे. आत शिरल्यावर क्षितिज नाहीसे होते, आणि गोल फिरत असतानाही दिशा कळली पाहिजे ही गरज निर्माण होते. तिच्यासाठी खास रचना निघाल्या. कुक होकायंत्र वैमानिकाला हाताने कलवून वळणातही सपाट ठेवता येते. बोली होकायंत्रात चुंबक सर्व बाजूंनी मोकळा ठेवलेला असतो, त्यामुळे तो नतीसह क्षेत्राची खरी दिशा दाखवतो; ते वाचण्याचा सराव झालेला माणूस त्यावरून वळण आणि कलही ओळखतो. नेमक्या याच क्षमतेमुळे स्पर्धांमध्ये अशा उपकरणांवर कृत्रिम क्षितिजाबरोबरच (विमान किती कलले आहे ते दाखवणारे उपकरण) बंदी येते. कोणी ढगात घुसून गैरफायदा घेऊ नये आणि तिथे टक्कर होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

साध्या होकायंत्राचा एक जुना आपत्कालीन उपयोगही सांगितला जातो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असेल तर ते वळण वाढवून आणि योग्य बाजूला दाखवते, म्हणून चुकून ढगात अडकलेला वैमानिक तबकडी दक्षिणेवर स्थिर ठेवत पंख सपाट ठेवू शकतो. नति कमी असलेल्या प्रदेशात हा परिणाम तितका ठळक नसतो. त्याच्या भरवशावर ढगाच्या जवळ जाणे मुळीच शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्रात

पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे विंचने, म्हणजे जमिनीवर दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून ग्लायडर हवेत सोडतात. मैदान नजरेच्या टप्प्यात ठेवून केलेल्या छोट्या उड्डाणांत दिवे घाटाची रांग आणि शहराच्या वस्त्या याच खुणा पुरतात. तरीही विद्यार्थ्याने होकायंत्राचे दोष अभ्यासावेत, कारण वैमानिक परवान्याच्या परीक्षेत ते विचारले जातात आणि पुढे इंजिनाचे विमान चालवताना ते हमखास भेटतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. ट्रामच्या वीजप्रवाहाने विचलित होणारी ती नाजूक उपकरणे पाहिली की कॉकपिटमधल्या होकायंत्राजवळ काय ठेवू नये, हेही कळते.

बसवणे आणि निगा

बहुतेक आधुनिक ग्लायडर काच-तंतू किंवा कार्बन-तंतूंचे असल्याने त्यांचे स्वतःचे चुंबकत्व कमी असते. त्रास देतात त्या भोवतीच्या वस्तू: रेडिओचा आणि व्हेरिओमीटरचा (वर चढण्याचा-खाली उतरण्याचा वेग दाखवणारे उपकरण) स्पीकर, फलकामागच्या तारा, पोलादी दांडे, आणि आजकाल विशेषतः चुंबकाने चिकटणारे मोबाइल व टॅबलेटचे धारक. असा एक धारक शेजारी लावला तर वाचन कितीही अंशांनी चुकू शकते. म्हणून नवे उपकरण बसवल्यावर ग्लायडर ज्ञात दिशांना उभे करून वाचन तपासतात, छोट्या चुंबकांनी दुरुस्ती करतात आणि उरलेल्या चुकीचा तक्ता कॉकपिटमध्ये लावतात. उन्हाने डबी पिवळी पडते, द्रव झिरपतो आणि आत बुडबुडा येतो. अशा होकायंत्रापेक्षा रिकामी जागा बरी, कारण खोटी दिशा माणसाला खात्रीने चुकवते.

बाल्टिक समुद्राभोवती आणि भूमध्य सागराच्या पूर्व भागात गेल्या काही वर्षांत जीपीएसचे संकेत दाबले किंवा खोटे पाठवले जात आहेत. शिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी पर्वतलहरीच्या गोठवणाऱ्या थंडीत अपेक्षेआधी उतरू शकते. दुसरीकडे, काही नव्या व्हेरिओमीटरना इलेक्ट्रॉनिक चुंबकमापक जोडता येतो. तो नाकाची दिशा आणि जीपीएसचा मार्ग यांची तुलना करून, गोल न फिरता, सरळ उडतानाच वारा काढून देतो. तोही फलकातल्या त्याच बॅटरीवर चालतो आणि बसवल्यावर त्याचेही वाचन ग्लायडर फिरवून जुळवावे लागते.