उपयोजन सॉफ्टवेअर व व्यवसाय : सोलापूरच्या संदर्भात

संगणकाकडून एखादे नेमके काम करून घेण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला उपयोजन सॉफ्टवेअर किंवा ॲप्लिकेशन म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड या कार्यप्रणाली यंत्र चालते ठेवतात. बिल काढणे, पगारपत्रक करणे, गोदामात किती माल उरला ते सांगणे ही कामे त्यांच्यावर चालणारी उपयोजने करतात. व्यापाऱ्याला कार्यप्रणालीशी फारसे देणेघेणे नसते. त्याच्या लेखी बिलाचा पडदा (स्क्रीन) म्हणजेच संगणक.

धंद्यासाठी असा प्रोग्राम नेमाने चालवण्याचा मान एका बेकरीकडे जातो. ब्रिटनमधील जे. लायन्स या चहा-केक विकणाऱ्या कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच बांधून घेतला आणि १९५१ मध्ये बेकरीतील मालाचे मूल्यांकन त्यावर सुरू केले. पुढे बराच काळ सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच मिळत असे. १९६९ मध्ये आयबीएमने दोहोंची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्रपणे विकण्याचा माल ठरू लागला. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत सॅप ही कंपनी काढली. खरेदी, उत्पादन, विक्री आणि हिशोब एका धाग्यात ओवणाऱ्या ईआरपी प्रणालींच्या बाजारात ती पुढे आघाडीवर राहिली. छोट्या व्यावसायिकाला संगणक घ्यावासा वाटला तो १९७९ च्या व्हिजिकॅल्क या कोष्टकपत्रामुळे (स्प्रेडशीटमुळे) : एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलत.

भारतात बहुसंख्य दुकानांत आणि कारखान्यांत संगणक शिरला तो हिशोबाच्या दाराने. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. मनासारखे हिशोबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलगा भरत यांच्याकडून ते लिहून घेतले. १९८६ पासूनची ही वाटचाल म्हणजे टॅली. कीर्द (रोजची नोंदवही) आणि खतावणी (खातेवही) वेगवेगळी लिहिण्याचे दिवाणजीचे काम त्यामुळे उरले नाही. एकदा नोंद केली की रोजमेळ, खाते आणि ताळेबंद तिच्यातूनच तयार होऊ लागले.

सोलापुरात मात्र हिशोबाचे सॉफ्टवेअर एका मर्यादेपर्यंतच पुरते. येथील चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, पण एक टॉवेल तयार होईपर्यंत माल अनेक हातांतून फिरतो. सूत घ्यायचे, रंगाईला द्यायचे, बीम (ताण्याचे सूत गुंडाळायचा रूळ) भरायचे, यंत्रमागावर विणायचे, मग कटाई, शिलाई आणि गठ्ठे बांधणे. यातली काही कामे कारखान्यात होतात, काही मजुरीवर बाहेर दिली जातात. सूत जाते किलोने, टॉवेल परत येतात डझनाने. मधे घट असते, चिंधी निघते, रंगाईत वजन बदलते. सर्वसाधारण बिलिंग प्रोग्राम किती सूत घेतले आणि किती टॉवेल विकले एवढे बिनचूक सांगतो. आज कोणाच्या मागावर किती सूत पडून आहे, हे त्याला वेगळे शिकवावे लागते. त्यासाठी प्रत्येक जातीच्या टॉवेलचे ग्रॅममधील वजन, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचे माप) आणि मान्य घट टक्क्यांत आधी भरून ठेवावी लागते. मालकाला तोंडपाठ असलेले हे आकडे कोणी कधी लिहून काढलेले नसतात, आणि सॉफ्टवेअर बसवताना निम्मा वेळ तिथेच जातो. सोलापूरच्या दुसऱ्या जुन्या धंद्याची, विडीची, गोष्टही हीच आहे : महिला कामगारांना पाने आणि तंबाखू वजनाने दिला जातो, विड्या परत येतात मोजून आणि मजुरी ठरते हजारावर. वजनाने देणे आणि नगाने घेणे यांचा मेळ घालणारे सॉफ्टवेअर इथे खरे उपयोगाचे. नुसते सुबक बिल छापणारे फार तर कारकुनाचा वेळ वाचवते.

बाहेर दिलेल्या मालाच्या नोंदीला आता कायद्याचेही बळ आहे. जीएसटीनुसार मजुरीवर पाठवलेला कच्चा माल चलनासह (मालासोबतच्या चिठ्ठीसह) जावा लागतो आणि साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असे धरून कर लागू शकतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, २०१८ पासून ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) आले, आणि ज्या कारखानदारांनी वर्षानुवर्षे संगणक टाळला होता त्यांनाही तो घ्यावा लागला. करदराचा गुंता वेगळाच. चादरी-टॉवेलसारख्या तयार वस्तूंवर प्रतिनग १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग असल्यास १२ टक्के असा दर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा २,५०० रुपये आणि वरचा दर १८ टक्के झाला. वस्तूच्या नावाला एकच दर चिकटवून ठेवणारा प्रोग्राम इथे चुकतो, कारण दर किमतीवर ठरतो.

बाजार समितीत गरज आणखी निराळी. कांद्याच्या हंगामात आडत्याला (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाला) रात्रीतून शेतकऱ्यांच्या शेकडो पट्ट्या, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठ्या, काढाव्या लागतात : वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम आला तेव्हा पट्टीतला एक रकाना जाऊन खरेदीदाराच्या बिलात बसला. जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे उसाची नोंद, तोडणीची टोळी, वजनकाटा आणि सभासदाचे खाते जोडणाऱ्या मोठ्या प्रणाली असतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रणाली ती मुदत मोजून दाखवते. पैसे वेळेवर देणे तिच्या हातात नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात तिहेरी-चौहेरी आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे एकाच कारखान्यात भेटतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन दिसत. युनिकोडने ती अडचण बरीच दूर केली. तरीही पडद्यावरची लिपी बहुधा रोमनच राहिली आहे, आणि कामगाराला आपल्या मजुरीचा आकडा स्वतः वाचता येत नसेल तर तो कारकुनाच्या तोंडी शब्दावरच अवलंबून राहतो.

सॉफ्टवेअरचे तयार पाकीट (पॅकेज) घ्यावे की गावातल्या प्रोग्रामरकडून लिहून घ्यावे, हा नेहमीचा वाद. हिशोब आणि कर यांना तयार पाकीटच बरे, कारण नियम बदलला की कंपनी सुधारणा पाठवते. मागावरच्या सुताचा ताळा मात्र स्थानिक माणूसच नीट लिहू शकतो. त्यात धोका असा, की एकट्याने लिहिलेला प्रोग्राम तो माणूस पुण्याला नोकरीस गेला की अनाथ होतो. म्हणून मूळ कोड आणि विदा (डेटा) कोणाच्या मालकीचा हे आधीच कागदावर घेतात. वार्षिक वर्गणीवर, इंटरनेटवरून चालणाऱ्या क्लाउड उपयोजनांत बॅकअपची कटकट कमी, पण वर्गणी थांबली की जुने हिशोब पाहण्याचीही पंचाईत होऊ शकते.

कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून असे हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मालकी हक्काच्या किंवा भागीदारीतल्या कारखान्यांना, म्हणजे सोलापुरातील अनेक यंत्रमागधारकांना, हा नियम लागू नाही. तिथे जुनी नोंद मागून बदलली तर ते कळेल की नाही हे निवडलेल्या सॉफ्टवेअरवर आणि त्यात दिलेल्या पासवर्डांवर ठरते.